ट्रक कंपनीचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा? अशोक लेलँडचं २०२४-२५ समोर ठेवून

ट्रक-बस बनवणाऱ्या कंपनीचा अहवाल पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुधा एकच गोष्ट शोधतो: नफा वाढला की घटला. अशोक लेलँडच्या २०२४-२५ च्या अहवालात हे उत्तर चटकन सापडतं. महसूल ३८,७५३ कोटी रुपये, करोत्तर नफा ३,३०३ कोटी रुपये, आणि हे दोन्ही आकडे कंपनीच्या तोवरच्या इतिहासातले सर्वांत मोठे. पण एवढ्यावर अहवाल मिटवला तर हाती काहीच लागत नाही. याच कंपनीला २०२०-२१ मध्ये ३१३ कोटींचा तोटा झाला होता. अवघ्या चार वर्षांत तोट्यातून विक्रमी नफ्यावर! साबण किंवा बिस्किटं विकणाऱ्या कंपनीत असं सहसा होत नाही. ट्रकच्या धंद्यात होतं, आणि का होतं ते समजल्याशिवाय कुठल्याही एका वर्षाच्या आकड्याला अर्थ नाही.

हा लेख या वाचनाची सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. नुकतेच शेअर घेतलेले लोक, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, चाकण-भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार, पाच-दहा गाड्यांचे मालक, सगळ्यांना याचा उपयोग होईल. शेअर घ्यावा की विकावा, हा मात्र इथला विषय नाही.

उदाहरण म्हणून अशोक लेलँड निवडण्याचं कारण सरळ आहे. या कंपनीचा जवळजवळ सगळा धंदा व्यावसायिक वाहनांचा आहे. टाटा मोटर्स बाजारात तिच्यापेक्षा बरीच मोठी, पण तिच्या जुन्या अहवालांत कार आणि जग्वार लँड रोव्हर यांचे आकडे सोबत येत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे विभाजन झालं आणि ट्रक-बसचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला. नवख्याने मागची पाच-सहा वर्षं सलग पाहायची म्हटली, तर लेलँडचे कागद जास्त सोपे पडतात.

पायरी १: कंपनीची तोंडओळख करून घ्या

यात फार वेळ घालवू नका. १९४८ मध्ये ऑस्टिन गाड्या जुळवण्यासाठी अशोक मोटर्स सुरू झाली, १९५५ मध्ये ब्रिटनच्या लेलँडने भागभांडवल घेतल्यावर नाव अशोक लेलँड झालं, आणि १९८७ पासून हिंदुजा समूह तिच्यात आहे. मुख्यालय चेन्नईत. कारखाने एन्नोर, होसूर, अलवर, पंतनगर आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात गडेगावला. गडेगावात गिअरबॉक्स बनतात. कारखान्यांची यादी वाचताना कुठे काय बनतं हे टिपून ठेवा. पुढे क्षमतावाढीची घोषणा आली की ती इंजिनाची आहे, गिअरबॉक्सची की बसच्या बॉडीची, हे लगेच कळतं.

पायरी २: एक नाही, सात वर्षांचे अहवाल उतरवून घ्या

कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात सगळे अहवाल फुकट मिळतात. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ५००४७७ हा क्रमांक टाकलात तरी मिळतील. २०१८-१९ पासूनचे सगळे घ्या. सोबत तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी झालेल्या संभाषणांचं लेखी टिपण घ्या. सेबीच्या नियमांमुळे आता तेही जाहीर होतं. माझ्या मते अहवालापेक्षा तेच अधिक बोलकं असतं, कारण तिथे कंपनीला नको असलेले प्रश्नही विचारले जातात.

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. सुरुवातीची रंगीत पानं आणि अध्यक्षांचं मनोगत शेवटी वाचा. आधी व्यवस्थापनाचं विवेचन, मग लेखापरीक्षकांचा अहवाल, मग आर्थिक पत्रकं आणि त्यांच्या टिपा. लेखापरीक्षकांच्या अहवालात 'महत्त्वाच्या लेखापरीक्षण बाबी' असा एक भाग असतो. कोणत्या आकड्यात व्यवस्थापनाचा अंदाज सर्वांत जास्त मिसळला आहे, हे तिथे कळतं.

पायरी ३: आधी बाजाराचं चक्र, मग कंपनी

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

ट्रक कोणी हौसेने घेत नाही. माल असेल, भाडं परवडत असेल आणि बँक किंवा फायनान्सवाला कर्ज देत असेल, तेव्हाच गाडी घेतली जाते. तिन्हींपैकी एक जरी हललं तरी मागणी कोसळते. देशातली व्यावसायिक वाहनांची विक्री पाहा: २०१८-१९ मध्ये १० लाख ७ हजार, २०२०-२१ मध्ये ५ लाख ६८ हजार, २०२४-२५ मध्ये ९ लाख ५७ हजारांच्या आसपास. म्हणजे सहा वर्षं उलटूनही बाजार जुन्या शिखरावर पोहोचला नव्हता.

मधली घसरण फक्त कोविडमुळे झाली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची ॲक्सलमागची वजनमर्यादा वाढवली. दहा टायरी ट्रकचं पासिंग एकूण वजनात २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांची क्षमता कागदावर एका रात्रीत वाढली, मग नवी गाडी कशाला? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने कर्ज थकवल्याचं प्रकरण फुटलं, बिगरबँक वित्तसंस्थांकडचा पैसा आटला आणि ट्रकची कर्जं अडली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्याने गाड्या महागल्या, आणि नेमकी तेव्हाच टाळेबंदी आली. अशोक लेलँडचा महसूल २०१८-१९ मधल्या २९,०५५ कोटींवरून २०१९-२० मध्ये १७,४६७ कोटींवर आणि पुढच्या वर्षी १५,३०१ कोटींवर घसरला. पहिली आणि मोठी घसरण कोविडच्या आधीच्या वर्षातली आहे, हे लक्षात घ्या.

म्हणून वहीत एक तक्ता आखा. आडव्या रांगेत वर्षं, उभ्या रकान्यात देशाची विक्री, कंपनीची विक्री, महसूल, एबिटाचं प्रमाण आणि करोत्तर नफा. व्याज, कर, घसारा हे वजा करण्याआधीचा आणि इतर उत्पन्न न धरता काढलेला कामकाजाचा नफा म्हणजे एबिटा; तो महसुलाच्या किती टक्के आहे ते त्याचं प्रमाण. कंपनीच्या सादरीकरणात बहुतेक वेळा मागच्या एकाच वर्षाशी तुलना असते. तुमची तुलना मागच्या शिखराशी आणि मागच्या खड्ड्याशी हवी.

पायरी ४: गाड्या मोजा, पण कुठल्या गाड्या तेही पाहा

मध्यम व अवजड ट्रक-बस आणि हलकी वाहनं हे दोन धंदे वेगळे समजा. अवजड ट्रकमध्ये अशोक लेलँडचा बाजारातला वाटा साधारण ३० टक्क्यांचा. हलक्या वाहनांत ती उशिरा उतरली: २०११ मध्ये निसानसोबत 'दोस्त', पुढे २०१६ मध्ये निसान भागीदारीतून बाहेर पडली, २०२० मध्ये 'बडा दोस्त' आला. त्याहून छोट्या, 'छोटा हत्ती' म्हणजे टाटा एसच्या गटात टाटांनी २००५ पासून पाय रोवले आहेत. लेलँडने तिथे जानेवारी २०२५ मध्ये 'साथी' आणली. एकूण विक्री वाढली पण त्यात हलक्या गाड्यांचा भाग वाढला असेल, तर महसूल त्या प्रमाणात वाढणार नाही. उलटही होतं. टिपर आणि मोठे ट्रॅक्टर-ट्रेलर जास्त खपले, तर गाड्यांची संख्या तीच राहूनही गल्ला फुगतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. दर महिन्याच्या १ तारखेला कंपनी विक्रीचे आकडे देते, ते गाड्या डीलरकडे रवाना केल्याचे असतात. गिऱ्हाईकाने घेतलेल्या गाड्या म्हणजे आरटीओत नोंद झालेल्या गाड्या. त्या वाहन पोर्टलवर दिसतात, आणि डीलरांची संघटना 'फाडा' त्यावरून दर महिन्याला आकडे काढते. दोन-तीन महिने सलग रवानगी जास्त आणि नोंदणी कमी दिसली, तर डीलरच्या आवारात गाड्या साचत आहेत. साचलेली गाडी पुढे सवलत देऊनच निघते, आणि ती सवलत पुढच्या तिमाहीच्या नफ्यातून जाते.

पायरी ५: एका गाडीमागे किती?

आता आपल्या तक्त्यातली सर्वांत बोलकी जोडी घ्या. २०१८-१९ आणि २०२४-२५, दोन्ही वर्षी अशोक लेलँडने दोन लाखांना थोड्या कमी गाड्या विकल्या. संख्येत फारसा फरक नाही. महसूल मात्र २९,०५५ कोटींवरून ३८,७५३ कोटींवर गेला. भागाकार केला तर एका गाडीमागे महसूल साधारण पावणेपंधरा लाखांवरून जवळजवळ वीस लाखांवर आला. या महसुलात सुटे भाग, जनरेटरची इंजिनं आणि लष्करासाठीचा पुरवठाही असल्याने हिशेब ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट दिसते.

कामकाजाच्या नफ्याचं प्रमाण याच काळात १०.८ टक्क्यांवरून १२.७ टक्क्यांवर, आणि करोत्तर नफा १,९८३ कोटींवरून ३,३०३ कोटींवर. म्हणजे गाड्या तितक्याच विकून नफा दीडपटीहून जास्त. हे कशामुळे झालं, हा सगळ्या अहवालाला विचारायचा खरा प्रश्न आहे. बीएस-६ मुळे किमती वाढल्या, गाड्यांचं टनेज वाढलं, पोलादाचे भाव २०२१-२२ च्या चढ्या पातळीवरून उतरले, सुटे भाग आणि इतर धंद्यांचा हिस्सा वाढला, आणि कंपन्यांनी सवलतींची स्पर्धा आवरती घेतली. यातली काही कारणं टिकाऊ आहेत. पोलादाचा भाव मात्र कंपनीच्या हातात नाही, आणि सवलतींचा संयम मंदी आली की सगळ्यात आधी सुटतो. २०२०-२१ मध्ये हेच प्रमाण ३.५ टक्क्यांवर आलं होतं. तेजीतले १२.७ टक्के चांगलेच, पण कंपनी खरंच बदलली का हे पुढच्या मंदीत ते किती खाली जातं त्यावरून ठरेल.

मागच्या एका वर्षाची तुलनाही करून पाहा, त्यातून शिकण्यासारखं आहे. २०२३-२४ च्या मानाने २०२४-२५ मध्ये महसूल जेमतेम १ टक्का वाढला, ३८,३६७ कोटींवरून. कामकाजाचा नफा ४,६०७ कोटींवरून ४,९३१ कोटी, म्हणजे सुमारे ७ टक्के. पण करोत्तर नफा २,६१८ कोटींवरून ३,३०३ कोटी, तब्बल २६ टक्के. कामकाजात ७ आणि शेवटच्या ओळीत २६, तर मधला फरक कुठल्या ओळींतून आला? इतर उत्पन्न, व्याज, घसारा, अपवादात्मक बाबी (नेहमीच्या धंद्यात न येणाऱ्या, एखाद्या वेळच्या नोंदी) आणि कर, या पाच ओळी दोन्ही वर्षांच्या शेजारीशेजारी लिहा. अपवादात्मक बाबी एका वर्षी वजा आणि दुसऱ्या वर्षी अधिक असल्या, तर नफ्याची वाढ आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

प्रतिशेअर आकडे पाहताना बोनसचं भान ठेवा. जुलै २०२५ मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. शेअरची संख्या दुप्पट झाली, त्यामुळे त्यानंतरची प्रतिशेअर मिळकत निम्मी दिसणारच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पायरी ६: ३१ मार्चच्या रोकडीवर भाळू नका

मार्च २०२५ अखेर कंपनीकडे ४,२४२ कोटींची निव्वळ रोकड, म्हणजे कर्ज वजा करून उरणारी रोकड, होती. आकडा दमदार आहे. पण तीच कंपनी सहा महिने आधी, सप्टेंबर २०२४ अखेर, सुमारे ५०० कोटींच्या निव्वळ कर्जात होती. यात काही काळंबेरं नाही, धंद्याची रीतच तशी आहे. मार्च हा ट्रकविक्रीचा सर्वांत मोठा महिना. गाड्या निघून पैसे येतात, पण त्या गाड्यांत बसवलेल्या टायर, ॲक्सल, कास्टिंगची बिलं पुरवठादारांना अजून द्यायची असतात. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिजोरी भरलेली दिसते, त्यात त्यांचाही पैसा असतो.

म्हणून सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी आणि मार्चची मार्चशी करा. ताळेबंदात 'देणे व्यापारी रकमा', म्हणजे पुरवठादारांना द्यायचे पैसे, ही ओळ पाहा, आणि तिच्या टिपेत सूक्ष्म व लघु उद्योगांना किती देणं आहे, त्यातलं किती मुदत उलटलेलं आहे, तेही वाचा. पुरवठादार म्हणून धंदा करणाऱ्यांसाठी साऱ्या अहवालातली ही सर्वांत कामाची ओळ. मोठ्या कंपनीचा रोख प्रवाह सुधारतो तेव्हा छोट्या कारखान्याचे पैसे लांबलेत का, हे विचारायलाच हवं.

पायरी ७: एकल आणि एकत्रित आकडे मिसळू नका

वरचे सगळे आकडे एकल, म्हणजे फक्त मूळ कंपनीचे. एकत्रित पत्रकात महसूल ४८ हजार कोटींच्या वर जातो, कारण त्यात उपकंपन्या येतात. यातली सर्वांत मोठी हिंदुजा लेलँड फायनान्स, म्हणजे वाहनकर्ज देणारी कंपनी. तिने बाजारातून उचललेलं कर्ज एकत्रित ताळेबंदात दिसतं, आणि नवख्याला वाटतं की ट्रक कंपनी कर्जात बुडाली आहे. वित्तसंस्थेचा कच्चा माल पैसाच असतो. तिच्या बाबतीत थकीत कर्जाचं प्रमाण पाहायचं. ते वाढायला लागलं, तर ट्रकमालकांचं गणित बिघडत असल्याची ती पहिली खूण असते.

दुसरी महत्त्वाची उपकंपनी स्विच मोबिलिटी, विजेवरच्या बस आणि छोटी मालवाहू वाहनं बनवणारी. मुंबईत बेस्टची वातानुकूलित विजेवरची डबलडेकर धावते, ती हिचीच. तिचा ब्रिटनमधला धंदा मात्र पैसे खात राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये अशोक लेलँडच्या संचालक मंडळाने या व्यवसायात १,२०० कोटींपर्यंत गुंतवणुकीला मंजुरी दिली. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या शेरबर्न कारखान्यातलं उत्पादन थांबवण्यासाठी कामगारांशी बोलणी सुरू झाल्याचं जाहीर झालं. एकल पत्रकात उपकंपनीचा तोटा थेट दिसत नाही. तो गुंतवणुकीचं मूल्य घटवल्याच्या नोंदीतून, उशिराने दिसतो. त्या टिपा जरूर वाचा.

पायरी ८: पुढच्या योजनेतलं वचन वेगळं, पैसा वेगळा

व्यवस्थापन सांगतं की मध्यम मुदतीत कामकाजाच्या नफ्याचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या घरात न्यायचं आहे आणि निर्यात, सुटे भाग, संरक्षण, जनरेटर या देशातल्या ट्रकविक्रीच्या चक्राबाहेरच्या धंद्यांचा हिस्सा वाढवायचा आहे. यामागचा विचार मला पटतो. देशातल्या ट्रकविक्रीचं चक्र खाली जातं तेव्हा जुन्या गाड्यांना सुटे भाग लागतातच, लष्कराच्या 'स्टॅलियन' ट्रकची मागणी भाड्याच्या दरावर ठरत नाही, आणि आखाती देशांतल्या बसचं चक्र आपल्याशी जुळून चालत नाही. यूएईमधल्या रास अल खैमा इथे कंपनीचा बस जुळवणीचा कारखाना आहेच. २०२४-२५ मध्ये निर्यात १५ हजार गाड्यांच्या वर गेली.

प्रत्येक वचनासमोर तीन गोष्टी लिहा: किती रुपये, किती वर्षांत, आणि या वर्षी त्यातले किती खर्च झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चीनच्या सीएएलबी या बॅटरी कंपनीशी करार जाहीर केला, गुंतवणूक ५ हजार कोटींहून अधिक, मुदत ७ ते १० वर्षं. मथळ्यात ५ हजार कोटी मोठे वाटतात, पण वाटून पाहिले तर वर्षाला साधारण ५०० ते ७०० कोटी येतात. वार्षिक भांडवली खर्चाच्या आकड्याशेजारी तो ठेवला की झेपणारा आहे की नाही ते दिसतं.

सरकारी धोरणाचा भागही इथेच जोडा. विजेवरच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १४,०२८ ई-बससाठी ४,३९१ कोटी, तर ई-ट्रकसाठी फक्त ५०० कोटींची तरतूद आहे. यावरून बस विजेवर आधी जाणार आणि लांब पल्ल्याचा ट्रक मागून, हे ताडता येतं. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चालकांसाठी ही गोष्ट फार आधी व्हायला हवी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे २०२५-२६ ची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागेल. दुसऱ्या बाजूला रेल्वेचे मालवाहतूक मार्ग आहेत. न्हावा-शेवाकडे येणाऱ्या लांब पल्ल्याच्या कंटेनरांपैकी काही रेल्वेकडे वळले, तर मोठ्या ट्रेलरची मागणी बदलेल.

स्पर्धकांचंही एक पान ठेवा. टाटांनी जुलै २०२५ मध्ये इटलीच्या इव्हेको समूहाचा बिगरसंरक्षण व्यवसाय ३.८ अब्ज युरोंना घेण्याचं जाहीर केलं, महिंद्राने एसएमएल इसुझू घेतली. त्यांच्या हालचालींशेजारी ठेवल्यावरच लेलँडची योजना धाडसी आहे की सावध, ते ठरवता येतं.

पायरी ९: अहवाल बाजूला ठेवून गाडीमालकाशी बोला

कळंबोलीला स्टील मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावच्या ट्रक टर्मिनलवर जा. तिथे अश्वशक्तीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ॲव्हरेज काय देते, धूर स्वच्छ करायला टाकीत घालायचा युरिया किती लागतो, सुटा भाग किती वेळात मिळतो, परतीचा माल आहे का, हप्ता कसा बसतो, एवढंच. समजा कळंबोली ते नागपूर ८५० किलोमीटर. लिटरमागे ४ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला साधारण २१२ लिटर डिझेल लागतं, ४.४ जाणाऱ्या गाडीला १९३. लिटरचे ९० रुपये धरले तर एका खेपेला सतराशे रुपये वाचले. महिन्याला अशा दहा खेपा झाल्या तर सतरा हजार. अशी गाडी कंपनीला सवलत न देता विकता येते, आणि पाचव्या पायरीतलं १२.७ टक्क्यांचं प्रमाण शेवटी इथेच ठरतं.

मालकाला नेमके चार प्रश्न विचारा. गेल्या वर्षी याच महिन्यात भाडं किती होतं? महिन्यात किती दिवस गाडी उभी राहिली? नवी गाडी घ्यायची झाली तर डीलर किती सोडतो? आणि कर्ज सहज मिळतं का? उत्तरं तारीख घालून त्याच तक्त्याखाली लिहा. पुढचा तिमाही निकाल आला की देशाची विक्री, कंपनीची विक्री, एबिटाचं प्रमाण, निव्वळ रोकड आणि थकीत कर्ज एवढे पाच आकडे भरा, आणि ही उत्तरं त्यांच्याशी ताडून पाहा.